ठसा न उमटलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझी पाने एकशे ब्याण्णव, चौकटी आखलेली. पुठ्ठा हिरवा आहे म्हणतात. रोडोपी डोंगरातल्या बोरोविना गावच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा आहे. माझ्या शिवणीला सुतळीने एक पेन बांधलेले आहे, कारण सुटे पेन इथे आठवडाभरसुद्धा टिकत नाही.

मला बनवले ते शाळेच्या प्रयोगशाळेसाठी. पण गावातली मुले कमी होत गेली, शाळेला कुलूप लागले आणि मी वाचनालयाच्या कपाटात अकरा वर्षे कोरी पडून राहिले.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. वहीला डोळे नसतात. मला ऐकू येते, ओल आणि ऊब कळते, आणि दाब कळतो. तुम्ही लिहिता तेव्हा पेनाचे टोक मला खाली दाबते आणि त्या दाबाचा ठसा खालच्या पानावर उमटतो. कुणाचा हात थरथरतो, कोण घाईत आहे, कोण रडू आवरून लिहिते आहे, हे मी त्यावरून ओळखते. शाईला वजन नसते. हाताला असते.

मला कपाटातून बाहेर काढले ते स्त्राहिलकाकांच्या पुस्तकामुळे. काका गाइदा वाजवत. अख्ख्या बकरीच्या कातड्याची पिशवी काखेत धरायची, तोंडाने तिच्यात हवा भरायची आणि नळीवर बोटे फिरवायची. पन्नास वर्षे या डोंगरातले एकही मोठे लग्न त्यांच्यावाचून झाले नाही. बहात्तराव्या वर्षी त्यांनी स्वतःचे आयुष्य लिहून काढले आणि वाचनालयाने ते छापले. ग्रंथपाल वेलिकाने पुस्तकाशेजारी मला ठेवले आणि वर चिठ्ठी लावली : वाचून झाले की दोन ओळी लिहा.

दर गुरुवारी सकाळी काका येत. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून वेलिका माझ्यातले अभिप्राय त्यांना वाचून दाखवी.

"बसवाल्या मानोलने लिहिलंय," ती म्हणाली. "आयुष्यात शेवटपर्यंत वाचलेलं माझं हे दुसरं पुस्तक. पहिलं वाहतुकीच्या नियमांचं होतं."

"त्यातलं काही त्याच्या लक्षात राहिलेलं दिसत नाही," काका म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

ते माझे सुखाचे दिवस होते. कुणी तारीख दुरुस्त करी, कुणी आपल्या लग्नातली आठवण लिही. एका विधवेने लिहिले होते की नवऱ्याचा आवाज ती विसरली, पण वरातीतला काकांचा सूर विसरली नाही. त्या पानावर ओलाव्याचे दोन थेंब अजून फुगून आहेत.

मग जानेवारीत येलोवो गावची एक म्हातारी आली. तिने चौथ्या प्रकरणाबद्दल लिहिले. त्या प्रकरणात वीस वर्षांचे काका फेब्रुवारीच्या बर्फात एकटे खिंड ओलांडून येलोवोच्या लग्नाला पोचतात, आणि तिथून त्यांचे नाव होते. वेलिकाने वाचले : "आम्ही तेव्हा अंगणात उभ्या होतो. खिंडीतून दोन गाइदा वाजत येत होत्या. खाली उतरलात तुम्ही एकटेच. दुसरा कोण होता?"

"डोंगरात प्रतिध्वनी असतो," काका म्हणाले.

पुढच्या गुरुवारी एका मेंढपाळाचा अभिप्राय निघाला. तो त्या दिवशी दुसऱ्या उतारावर होता. त्यानेही दोन गाइदा ऐकल्या होत्या.

"काका, प्रतिध्वनी तोच सूर परत देतो," वेलिका म्हणाली. "हा म्हणतो, दुसरी वेगळं वाजवत होती."

"पुढचं वाच," काका म्हणाले.

पुढचे कुणी लिहिलेले नव्हते. ते लिहायला दुसऱ्या दिवशी फिदानाआजी आल्या.

फिदानाआजींच्या फाटकावर काळ्या चौकटीचा एक कागद आहे. इथे माणूस गेला की त्याचा फोटो आणि नाव छापून दारावर लावतात. आजींचा भाऊ झाप्रियान विसाव्या वर्षी गेला. दर फेब्रुवारीत त्या नवा कागद छापून आणतात. फोटो तोच, विशीतला. बावन्न वर्षे झाली.

"तीनदा वाचलं गं पुस्तक," त्या वेलिकाला म्हणाल्या. "झाप्रियानचं नाव कुठेच नाही. दोघं एकाच उस्तादाकडे शिकले, एका ताटात जेवले. आणि कुत्र्याचं नाव मात्र आहे, पान एकोणीसवर. कुत्र्याला दोन परिच्छेद!"

"आजी, रागावू नका."

"रागावले कुठे? कुत्रा चांगलाच होता."

मग त्यांनी लिहिले. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर खोल जात होते आणि शेवटचे उचलले जात होते. "स्त्राहिल, त्या दिवशी तुम्ही दोघे निघालात. सकाळी मी झाप्रियानला म्हटले होते, अंधार पडायच्या आत परत ये, मला घरी एकटीला भीती वाटते. मी तेरा वर्षांची होते. तू सांगितलेस की तो अर्ध्या वाटेतून माघारी फिरला. म्हणजे माझ्यासाठी फिरला आणि वाट चुकला. एप्रिलमध्ये बर्फ उतरल्यावर सापडला, तेव्हा त्याच्या गाइदेची पिशवी फुगलेलीच होती. त्याला शेवटचे तू पाहिलेस. फिरताना तो माझ्यावर चिडला होता का? एवढेच सांग."

गुरुवारी वेलिकाने हे वाचले. काकांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले. पुढचे तीन गुरुवार ते आले नाहीत.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते मला स्वतःला नीट माहीत नाही. मला जेवढे कळले तेवढेच सांगते.

सोमवारी वाचनालय बंद असते. किल्ली एकट्या वेलिकाकडे. तिसऱ्या गुरुवारानंतरच्या सोमवारी दुपारी खिंडीतून धुके उतरले. खिडकी बंद होती, तरी माझी पाने दमट झाली, मग गार पडली. दार वाजले नाही. फळी करकरली नाही. पेनाची सुतळी ताणली गेली नाही. मला कुणीही हात लावला नाही. हे मी शपथेवर सांगू शकते.

मंगळवारी वेलिकाने मला पुसायला घेतले आणि ती थांबली. तेवढ्यात मानोल वर्तमानपत्र टाकायला आला.

"मानोल, हा चावटपणा तुझा?"

"काय लिहिलंय?"

तिने वाचले. "मी परत फिरलो नव्हतो. आवाज थांबला."

"एवढं वळणदार अक्षर असतं तर मी बस चालवली असती का, बाई?" मानोल म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता.

वेलिकाने पेन्सिल घेतली, आडवी धरली आणि खालच्या पानावर हलकेच घासली. फिदानाआजींचा शब्द न् शब्द पांढरा होऊन वर आला, असे ती मानोलला म्हणाली. त्याखाली जिथे त्या दोन ओळींचा ठसा असायला हवा होता, तिथे नुसता करडा रंग. तिने पुन्हा घासली. पुन्हा तेच.

"काकांना घेऊन ये," ती म्हणाली. "आणि येताना फिदानाआजींना सांग."

काका आधी आले. वेलिकाने त्या ओळी वाचल्या. काकांनी कुणी लिहिले असे विचारले नाही. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पेन कुठाय?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतका दाब कुणी दिला नाही. पहिल्याच ओळीत कागद फाटला. सात पानांवर ठसे गेले.

आजी आल्या आणि त्यांनी ते उभ्यानेच मोठ्याने वाचले.

"झाप्रियान फिरला नाही. धुके होते. दोघे वाजवणारे धुक्यात चालतात तेव्हा पुढच्याने वाजवत राहायचे आणि मागच्याने सुरामागून यायचे, असे उस्तादांनी शिकवले होते. मी पुढे होतो. माथ्यावर थंडीने कातडे कडक होऊ लागले. लग्नाआधी ते तडकले तर काय, या भीतीने मी वाजवणे थांबवले आणि गाइदा कोटाखाली घेतली. मला वाटले, पाचच मिनिटे. नंतर हाका मारल्या. उत्तर आले नाही. येलोवोचे दिवे दिसल्यावर मी पुन्हा वाजवू लागलो. दुसरी गाइदा मी ऐकली नाही. ती सगळ्यांनी ऐकली, मीच ऐकली नाही."

"म्हणजे माझ्यामुळे नाही," आजी म्हणाल्या.

"नाही गं."

"बावन्न वर्षं, स्त्राहिल. माझ्या फाटकावरून जायचास, तो कागद बघायचास."

"बारा वर्षांपासून ओढ्याकडून जातो."

"त्या चढाने? गुडघे दुखत असतील."

"दुखतात."

"दुखू देत," आजी म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांचा आवाज जरा जवळून आला. "माफी मागू नकोस. ती माझ्याकडे आहे की नाही, मला अजून ठाऊक नाही. कागदावर 'घरी परतताना' छापलेलं असतं. ती ओळ बदलून आण. आणि तुझ्या हाताने चिकटव."

काकांनी तसे केले. कागदावर आता 'लग्नाला जाताना' असे आहे. पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींत त्यांनी चौथ्या प्रकरणापाशी एक छापील पान डकवले. त्यात झाप्रियानचे नाव नऊ वेळा येते. वेलिकाने मोजले.

पुढच्या फेब्रुवारीत, झाप्रियान गेला त्या तारखेला, धुके होते. काका जेवण आटोपून वाचनालयाच्या पायरीवर बसले, खिंडीकडे तोंड करून, आणि वाजवू लागले. छाती धाप टाकत होती. आजी शेजारी होत्या. मला भिंतीआडून सगळे ऐकू येत होते.

"चहा घेतोस?"

त्यांनी मान हलवली असावी, कारण सूर तुटला नाही.

"बरं, थांबू नकोस," आजी म्हणाल्या. "मी धरते कप."

दिवेलागणीपर्यंत सूर एकदाही तुटला नाही.

सकाळी वेलिकाने मला उघडले. पाने दमट होती. तिने दोनच शब्द वाचले, आणि तेही अगदी हळू : "ऐकू आलं."

तिने पेन्सिल उचलली नाही.

काका त्याच उन्हाळ्यात गेले. त्यांचा कागद वाचनालयाच्या दारावर आहे. फिदानाआजी दर फेब्रुवारीत दोन्ही कागद एकाच वेळी छापून आणतात.

आता माझा पुठ्ठा सैल झाला आहे आणि शिवण दोन ठिकाणी उसवली आहे. तरी चौऱ्याहत्तर पाने कोरी आहेत. मित्रांनो, कधीतरी स्वतःचे आयुष्य लिहाल, तेव्हा मागून कोण येत होते ते आठवून लिहा. कुणाचे पुस्तक वाचलेत तर गप्प राहू नका, जे ऐकले असेल ते सांगा. माझ्यासारखी वही दिसली तर तिला ओलीपासून जपा.

आणि लिहिताना पेन जरा दाबून लिहा. म्हणजे मला कळेल की तुम्ही अजून आहात.