मागच्या घरातलं नेट

मोरू म्हात्र्यांचा हितेश आषाढात एजंटामार्फत मालाच्या बोटीवर नोकरीला गेला आणि दिवाळी तोंडावर आली तरी त्याच्या आईला त्याचा चेहरा दिसला नव्हता. आठवड्यातून एकदोनदा फोन यायचा. पण "व्हिडिओ लाव की रे," असं गोदू म्हणाली की आवाज तुटायला लागायचा.

"आये, तुमच्याकडं नेटच न्हाय," हितेश म्हणायचा.

ते खोटंही नव्हतं. अलिबागजवळच्या नागावात रस्त्यापासून बरंच आत, माडा-पोफळींच्या गर्दीत मोरूचं घर. भिंती चिऱ्याच्या, हातभर जाड. फोनला रेंज हवी तर विहिरीजवळ जाऊन उभं राहायचं. गोदू तिथं उभी राहून "हॅलो, हॅलो" करत राही आणि मग गप्प झालेला फोन पदराला पुसत घरात येई.

मोरूनं अठरा वर्षं न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवला होता. गुडघे गेले तेव्हा गाडी सोडून घरी बसला. बायकोचं ते विहिरीवरून परत येणं त्याला बघवेना. शेवटी त्यानं केबलवाल्या प्रीतमला बोलावलं.

प्रीतमनं वाडीतून फेरी मारली आणि मान हलवली. "काका, फायबर रस्त्यावरच्या घरापर्यंत येईल. इथवर आणायची तर मधे खांब टाकायला लागतील. तुम्हाला न्हाय परवडायचं."

"मग?"

"रस्त्यावरचं घर कोणाचं?"

ते मोरूच्या थोरल्या भावाचं. भाऊ आता नव्हता. वहिनी केसर एकटी राहायची. हितेश दोनदा बारावी नापास झाला तेव्हा "हा काय दिवे लावणार!" असं हीच केसर चारचौघांत म्हणाली होती. तिच्या दारात जायचं मोरूच्या जिवावर आलं होतं, पण गेला. केसर लगेच तयार झाली. तिलाही टीव्हीवर मालिका बघायच्या होत्या. बिल दोघांत निम्मं निम्मं ठरलं.

बंद पडलेल्या कुठल्याशा कॉटेजमधला जुना राउटर प्रीतमकडे पडून होता, तो त्यानं मोरूला स्वस्तात दिला. केसरच्या घरातल्या राउटरमधून एक वायर काढली. ती पाण्याच्या पातळ पाइपात घालून मोरूनं स्वतः कुंपणाच्या कडेनं मागच्या घरापर्यंत आणली; दोन दिवस वाकून वाकून गुडघे सुजले. जुन्या राउटरचं मागचं बटण पिनेनं दाबून प्रीतमनं तो कोरा केला आणि नव्यानं जोडला. माजघराच्या दारावर खिळा मारून तो टांगला, म्हणजे ओटीवरही रेंज येईल आणि स्वयंपाकघरातही.

"पासवर्ड काय ठेवू?"

"हितेशचा नाव ठेव," गोदू आतून म्हणाली.

पहिल्या दिवशी तिनं हौसेनं हितेशला फोन लावला. "आता बघ, आमच्याकडं नेट हाय! लाव व्हिडिओ."

हितेश म्हणाला, "आये, आता बोटीवरचा नेट कमी हाय."

पण आवाज मात्र शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ यायला लागला. एकदा त्यात कावळा ओरडला. "बोटीवर कावळे असतात का रे?" गोदूनं हसत विचारलं. हितेश म्हणाला, बंदराला लागलोय. मोरूनं ते ऐकलं आणि सोडून दिलं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी फोन आला तेव्हा गोदू मागच्या पडवीत भांडी घासत होती. मोरूनं उचलला. हितेशचं बोट चुकून कुठंतरी लागलं असावं. पडद्यावर एकदम चित्र उघडलं, लख्ख. हितेशच्या गालाची हाडं वर आली होती. मागे पत्र्याची शेड होती आणि भिंतीवर लाल रंगात मराठीत लिहिलं होतं: 'रिकामा कंटेनर येथे लावू नये.'

चित्र लगेच बंद झालं. "बाबा, कट होतंय," असं म्हणून हितेशनं फोन ठेवला.

मोरू ओटीवर बसून राहिला. न्हावा शेव्याच्या यार्डातल्या त्या भिंतीपुढं त्यानं किती वर्षं ट्रेलर वळवला होता. शेवटच्या अक्षराचा रंग खाली ओघळलेला होता, तोसुद्धा त्याला ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी अलिबागला डोळे दाखवायला जातो म्हणून तो निघाला. रेवसला लाँच धरली, खाडीपलीकडे करंजाला उतरला, तिथून रिक्षानं यार्डात. शेडमागे चारपाच पोरं पाण्याच्या नळ्या घेऊन रिकामे कंटेनर आतून धूत होती. हितेश गुडघाभर बूट घालून उभा होता. बापाला बघून त्यानं नळी खाली ठेवली. पळाला नाही.

"कवापास्नं?" मोरूनं विचारलं.

"गणपतीपास्नं."

"आणि बोट?"

"बोट नव्हतीच, बाबा. दीड महिना लॉजवर ठेवला आमाला, आज जाणार, उद्या जाणार. मग एजंटच्या हापिसाला टाळा लागला."

"मग घरी यायचा होतास."

"कसा येऊ? देवळात नारळ फोडून पाठवलात मना. केसरकाकीनं ओवाळला." त्यानं ओले हात पँटला पुसले. "बोटीचे नऊ महिने भरूदेत. चैतात येतो, बोटीवरून येतात तसा. आयेला तेवढा सांगू नका."

खिशात होते ते पैसे मोरूनं पोराच्या हातात कोंबले आणि तो परत निघाला. लाँचमध्ये बसल्यावर त्याचं त्यालाच वाटलं की पोराच्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता.

सांगायचं नाही असंच त्यानं ठरवलं होतं. पण गोदूनं ताट वाढलं, "डॉक्टर काय म्हनला?" असं विचारलं आणि त्याच्यानं राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. ती रडेल, उद्याच चला म्हणेल, असं त्याला वाटलं होतं.

गोदूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "केसरबायला ठाव हाय?"

"न्हाय."

"मग चैतापर्यंत तिथंच राहूदे. आणि मना कळला हाय, ह्या त्याला सांगू नका. तोंड कसा वर करील तो माझ्यापुढं?"

तेव्हापासून फोन आला की गोदू केसरला मुद्दाम हाक मारून बोलवायची. दोघी माजघराच्या दारात, राउटरखाली बसत. "आज कुठल्या देशाला हायस रे?" गोदू मोठ्यानं विचारी. हितेश एखादं नाव सांगे. ती ते नाव केसरला परत सांगे, थंडी आहे का विचारी, जपून राहा म्हणे. आवाज एकदाही कापत नसे. मोरू पायांत चपला अडकवून वाडीत निघून जाई, ते फोन संपेपर्यंत.

चैत्रात हितेश आला. नवी बॅग, अंगावर नवं जाकीट. आणलेली परदेशी चॉकलेटं पनवेलच्या दुकानातली होती. गोदूनं ती घरोघर वाटली. आठ दिवस मायलेक एकमेकांशी गोड बोलत राहिले आणि मोरू आपलं ताट उचलून ओटीवर जाऊन जेवे. बोटीवरच्या गोष्टी सांग म्हणून पोरं जमली तर गोदूच म्हणायची, "दमलाय तो, झोपूदे."

नवव्या दिवशी मोरू त्याला रेवसपर्यंत सोडायला गेला.

"एजंटाकडं जाणार का परत?"

"न्हाय."

"मग?"

"तोच यार्ड," हितेश म्हणाला. त्यानं जाकीट काढून बॅगेत कोंबलं आणि तो लाँचमध्ये चढला. ह्या वेळी मोरूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोरगा थांबला, पण वळला नाही.

मोरू घरी परतला तेव्हा ऊन चढलं होतं. गोदू केसरच्या ओट्यावर बसून तिला सांगत होती, की ह्या वेळची बोट मोठी आहे आणि पोरगा वर्षभर काही येत नाही.