दुधाचा पेला

"ताई, दुधात काय घातलंयस?"

तीन वर्षांपूर्वीचा भावाचा तो आवाज अजूनही पेला विसळताना तिच्या कानाशी येऊन बसायचा. तेव्हा तिनं आईची शपथ घेतली होती, "काही नाही रे राजा, नुसतं दूध आहे." आणि ते खरंच होतं. संशय शिरला होता त्याच्या डोक्यात. भिंतींना कान फुटले होते, घरचा घास न् घास विषाचा झाला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो सावरला. मग यंदा एक दिवस त्यानं गोळ्यांची डबी तिच्यादेखत खिडकीतून भिरकावली आणि कोपऱ्यावरच्या प्रार्थनाघराची वाट धरली.

त्या दिवसापासून ती जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणी, कुटी आणि संध्याकाळच्या दुधात मिसळी. वर चमचाभर साखर जास्त. पुन्हा शपथ घ्यायची वेळ येऊ नये, एवढंच मागणं.

तो घड्याळदुरुस्तीच्या दुकानात परत जाऊ लागला. शेजारीण म्हणाली, "प्रार्थनाघरातल्या माईंचा गुण हो." ही शर्टांना काजं करता करता मनात म्हणायची, गुण कुणाचा ते माझ्या खलबत्त्याला विचारा.

पण दोन महिन्यांत त्याचे हात कापू लागले. तिळाएवढा स्क्रू चिमट्यातून निसटायचा. मालक म्हणाला, "आठवडाभर वाट बघतो. हे घड्याळ आहे बाबा, खुळखुळा नव्हे."

तिचा संशय माईंवर जाऊन बसला. प्रार्थना झाली की माई सगळ्यांना बरणीतला मध चाटवत. शेजारीण सांगे, याला मात्र वेगळी वाटी, कपाटातली, किल्ली माईंच्या कमरेला. इथंच पाणी मुरतंय, ती मनाशी म्हणाली. काम बुडवून एका सकाळी ती त्याच्या मागोमाग गेली, आणि माईंनी वाटी पुढे करताच तिनं ती मधल्यामध्ये उचलून बोटानं चाटली.

मधाखाली कडू होतं. ओळखीचं कडू. खलबत्ता पुसताना रोज बोटाला लागायचं, तेच.

"माई, काय चारता माझ्या भावाला?"

माई रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. "तोच घेऊन आला, पोरी. मी म्हटलं होतं, प्रार्थना कर, पण डॉक्टर सोडू नकोस. तर म्हणाला, घरी घ्यायला जीव घाबरतो, इथं देवासमोर घेतो. त्याच्या डोळ्यांदेखत कुटते मी."

ती भावाकडे वळली. "मला का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडानं सांगू? डबी तुझ्यासमोर फेकली होती." त्यानं कापणारे हात काखेत दडवले. "डॉक्टरही चक्रावलेत. एवढ्याशा गोळीनं हात इतके कापायला नकोत म्हणतात. विचारत होते, आणखी काही घेतोस का. म्हटलं, छे. घरी फक्त ताईचं दूध." तो हसला, लहानपणी हसायचा तसा. "बघ ना, किती बरा झालोय. आता विचारतो का तुला, दुधात काय घातलंस म्हणून? गटागटा पितो."

वाटी तिच्या हातात जड झाली. आजपासून नुसतं दूध दिलं असतं तर हातांचं कापणं आपोआप थांबलं असतं. कुणाला कळलं नसतं. देवालाच यश मिळालं असतं, आणि तिची शपथ शाबूत राहिली असती.

"विचार," ती म्हणाली.

"काय?"

"दुधाचं. एकदा विचार मला."

"वेडी आहेस का, ताई? आता कशाला विचारू?"

तिनं वाटी खाली ठेवली आणि त्याचे दोन्ही हात काखेतून ओढून आपल्या हातांत घेतले. पकडलेल्या पाखरासारखे ते फडफडत होते.

"गोळी," ती म्हणाली. "हीच. तू डबी फेकलीस त्या दिवसापासून रोज, मी तुझ्या दुधात गोळी घालतेय."