काशाच्या चावीचे देणे

मित्रांनो, सरळ बसा. आमच्या घराण्यात नाव सांगण्याआधी कुळ सांगण्याची रीत आहे, आणि ती रीत मी मोडणार नाही.

माझी पणजी हत्तीच्या गळ्यातील घंटा होती. नागपूरकरांच्या फौजेबरोबर ती नर्मदेच्या काठी आली आणि इथेच राहिली. ती वितळली तेव्हा तिच्यातून माझी आजी घडली. आजी म्हणजे काशाची थाळी. तीन पिढ्यांचे जावई तिच्यात जेवले. थाळीला तडा गेल्यावर तिची कडी झाली, ती माझी आई. एका कारखान्यातील यंत्राच्या फिरत्या दांड्याला तिने तीस वर्षे आधार दिला आणि एकदाही कुरकुर केली नाही. झिजून निकामी झाल्यावर ती जबलपूरच्या रिछाई भागातील धातूच्या ओतशाळेत आली.

त्या आईची मी लेक. मी एक जुनी काशाची चावी आहे.

कुलपाची नव्हे. आडवी मूठ, हातभर लांब दांडा आणि खाली चौकोनी तोंड, असे माझे रूप आहे. नळांचे व्हॉल्व्ह उघडणे आणि मिटणे हे माझे काम. मला घडवले त्याच ओतशाळेतल्या नथ्थूजींनी. त्यांचे वडील अमरावतीकडून कामासाठी जबलपूरला आले होते. नथ्थूजी ज्वाळेचा नुसता रंग पाहून सांगत की धातू ओतायला तयार झाला की नाही. साचा फोडून त्यांनी मला बाहेर काढले, मुठीच्या टोकाला अंगठ्याएवढा खोलगट खळगा घासला आणि अग्निशमन दलाच्या साहेबांना म्हणाले, "पोलादाची चावी आपटली तर ठिणगी पाडते. ही नाही पाडणार. गॅसच्या जागी हिलेच न्या. आन् तोंड साफ ठेवजा हिचं. तोंड साफ असलं तर कामाची, नाही तर शोभेची."

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा.

मी जबलपुरातच, अधारतालच्या अग्निशमन केंद्रातील गाडीत राहू लागले. ते दिवस मानाचे होते. गॅस गळत असल्याचा निरोप आला की गाडीच्या पेटीतून पहिली मी निघत असे. आमची माणसे गाडी दूर उभी करीत आणि वारा पाठीवर घेऊनच पुढे जात. कोणी दारावरची घंटी दाबू लागला तर त्याचा हात धरत, कारण बटणातील इवलीशी ठिणगीही पुरते. लोकांना वाटते की दिवा मालवला, पंखा बंद केला म्हणजे आपण शहाणपणा केला. तसे नसते. बटण चालू करणे आणि बंद करणे, दोन्ही सारखेच घातक. बटणाला हात न लावता माणसे बाहेर काढायची, जाता जाता जमेल तेवढी दारे-खिडक्या उघडायच्या, आणि मग मी व्हॉल्व्हवर बसायचे. सिलिंडरचा गॅस जड असतो, तो नालीत आणि खाटेखाली दबा धरून बसतो. आताचा नळातून येणारा गॅस हलका, तो वर चढून छताशी गोळा होतो. स्वभाव वेगळे, पण दोघांनाही वाट पाहता येते.

आता माझ्या लाजेची गोष्ट सांगते. थोर घराण्याने लाजही ताठ मानेने सांगावी.

चोवीस वर्षांपूर्वी नथ्थूजींच्याच ओतशाळेत सिलिंडरांतून भट्टीला जाणाऱ्या गॅसच्या नळीला चीर पडली आणि ती पेटली. आमची गाडी गेली. सर्वांत पुढे श्रीकांत होते. मराठी शिक्षकांच्या घरातले, नुकतेच भरती झालेले, अंगात रग. मी पेटीत होते. व्हॉल्व्ह चाळीस पावलांवर होता. मला नेले असते तर एका मिनिटाचे काम होते.

नथ्थूजी ओरडले, "इझवू नका! जळू द्या! आधी गॅस बंद करा!"

श्रीकांत हसून म्हणाले, "काका, आग विझवायला आलोय, शेकायला नाही."

त्यांनी पावडर मारून ज्वाळा विझवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ज्वाळा गेली तरी गॅस येतच होता. आतापर्यंत तो जळून संपत होता, आता तो न दिसता जमिनीवरून सरकत भट्टीच्या लाल तोंडाशी पोचला. टाळ्या थांबण्याच्या आत सारी ओतशाळा पेटली. नथ्थूजींनी श्रीकांतांना ढकलून खाली पाडले आणि त्यांच्यावर स्वतः आडवे झाले. श्रीकांतांच्या भुवया जळाल्या. नथ्थूजींचे दोन्ही हात गेले. गेले म्हणजे राहिले, पण बोटे एकमेकांना चिकटली. त्या हातांनी पुन्हा कधी धातू ओतला नाही.

श्रीकांत त्यांना भेटायला इस्पितळात गेले तेव्हा नथ्थूजी एवढेच बोलले, "पोरा, पुढच्या वेळी जळू देजो."

श्रीकांत पुन्हा त्यांच्याकडे गेले नाहीत. जाण्याचे धैर्य झाले नाही. नथ्थूजींनी पुढे घर बदलले, आणि ते कोठे गेले हे श्रीकांतांनी कोणाला विचारले नाही.

त्यांनी माझा मात्र सन्मान केला. मला काचेच्या कपाटात ठेवले. दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत माझा पहिला मान. हळद, कुंकू, झेंडूचे फूल, आणि वर सोनेरी रंगाचा एक हात. चोवीस वर्षांत चोवीस हात. मी झळाळू लागले. पाहुणे विचारत, "ही सोन्याची का?" मी मनातून सुखावत असे, हे कबूल करते. पण प्रत्येक हाताबरोबर रंगाचा एक थर माझ्या चौकोनी तोंडात उतरत होता. पूजा म्हणजे काळजी नव्हे, हे मला कपाटात बसून उमगले. तोपर्यंत माझे तोंड बुजले होते.

गेल्या पावसाळ्यानंतर विनता केंद्रात आली. दलात नव्याने भरती झालेली पंचवीस वर्षांची पोर. मराठी समजते, बोलताना हिंदीत घसरते. पहिल्याच आठवड्यात तिने कपाट उघडले.

"सर, ही इथे काहून ठेवली? गाडीत असायला पाहिजे न."

श्रीकांत आता केंद्राचे प्रमुख. म्हणाले, "पूजेची वस्तू आहे ती."

"अच्छा. पूजा झाली न सर? मग ड्यूटी करू द्या तिला."

दुसऱ्या दिवशी मला मांडीवर घेऊन ती रंग खरवडत बसली. तीन कोपरे मोकळे झाले. चौथ्याला हात घातला तोच श्रीकांत आले आणि त्यांचा चेहरा उतरला. "पुरे झालं!" एवढेच ते बोलले. विनताने मला मुकाट्याने गाडीच्या पेटीत ठेवले. तेवढे मात्र त्यांनी चालवून घेतले. चौथा कोपरा तसाच राहिला.

त्यानंतर महिन्याभराने, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, महाराजपुरातून फोन आला.

अरुंद गल्ली, समोरासमोर दोन घरे. बंटी नावाचा गृहस्थ कूलरचा स्टँड बसवण्यासाठी भिंतीला भोक पाडत होता. भिंतीवरून गॅसची नळी गेली आहे हे त्याला ठाऊक होते. पण मोजमाप न करता नुसत्या अंदाजाने त्याने ड्रिल चालवले आणि ते थेट नळीत घुसले. नळी पेटली. दोन हात लांब ज्वाळा सूं सूं करीत समोरच्या घराच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आमची गाडी वाऱ्याची दिशा पाहून गल्लीच्या तोंडाशी थांबली. कोपऱ्यावरून श्रीकांतांनी गॅस कंपनीच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. त्यांची माणसे निघाली होती, पण पोचायला अर्धा तास. कक्षातून सांगणे आले, "जमिनीतल्या व्हॉल्व्हला हात लावू नका, तो आमचा. गेटजवळच्या पेटीतला बंद करा."

लोक ओरडत होते. "अरे बुझाओ न भैया! पानी लाए हो कि दिखाने लाए हो?"

एका बाईने टोमणा मारला, "साहब तो फोन पर रिश्तेदारी निभा रहे हैं!"

तेवढ्यात बंटी धावत आला. त्याच्या भुवया जळालेल्या होत्या. "साहब, सामने ऊपर नथ्थू बाबा हैं. अकेले चल नहीं पाते. बेटी बाज़ार गई है."

श्रीकांतांनी विचारले, "कौन नथ्थू?"

"वही, जिनके हाथ जले हुए हैं."

मित्रांनो, त्या क्षणी मी विनताच्या हातात होते आणि श्रीकांतांचा चेहरा मला दिसत होता. समोरच्या घरातील वरच्या खोलीची खिडकी उघडी होती. आत कोनाड्यात देवापुढे समई जळत होती. ज्वाळेवर पाण्याचा जोराचा एक फवारा, आणि ती विझली असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मग न जळलेला गॅस वर चढून त्या खिडकीतून आत गेला असता, समईपर्यंत.

श्रीकांत म्हणाले, "ज्वाळेला कोणी हात लावायचा नाही. जळू द्या." आवाज फुटला होता, हुकूम फुटला नव्हता. "समोरची भिंत ओली ठेवा. खिडकीखाली पाण्याचा पडदा धरा. दोघं मागच्या जिन्याने वर जा, काकांना घेऊन या. विनता, व्हॉल्व्ह!"

बंटीच्या गेटजवळची, दोन्ही घरांना गॅस देणारी पेटी उघडली तर व्हॉल्व्हला दांडीच नव्हती, नुसता चौकोनी खुंट.

विनता ओरडली, "दांडी कुठे गेली?"

बंटी खाली मान घालून म्हणाला, "मैंने निकाल दी थी, दीदी. बच्चे बंद कर देते थे, चाय नहीं बनती थी."

"आता पी चहा!"

लोखंडी पाना खुंटावरून घसरू लागला. तिने मला खाली टेकवले. मी बसले नाही. तो चौथा कोपरा! चोवीस वर्षांचे सोने माझ्या तोंडात अडकले होते.

"सर, ये बैठ नहीं रही!"

श्रीकांतांनी वळून पाहिले आणि त्यांना सारे समजले. विनताने हातमोजा फेकला आणि अंगठ्याच्या नखाने कोपरा खरवडू लागली. नख तुटले, रक्त आले, रंगाची खपली निघाली. मी पुन्हा खुंटावर टेकले आणि बसले. पणजीची, आजीची, आईची सारी ताकद एकवटून मी वळले. पाव फेरा, बस.

ज्वाळा आखडली. हात झाली, वीत झाली, निळी पडली, आणि कोणी न विझवता आपणहून गेली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवण्यासारखे काही दिसलेच नव्हते. विनता गॅस मोजण्याचे यंत्र घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली. ती बाहेर येईपर्यंत श्रीकांतांनी कोणाला उंबरा ओलांडू दिला नाही.

नथ्थूजींना कोपऱ्यावरच्या दुकानाच्या ओट्यावर बसवले होते. अंगावर ओले पांघरूण, डोळे अजून तसेच भट्टीवाल्याचे. श्रीकांत समोर जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्याने त्यांना ओळखले की नाही, कळेना. नथ्थूजींनी विचारले फक्त एवढेच, "इझवली तर नाही ना तुम्ही?"

"नाही, काका. जळू दिली."

"मग ठीक." थोडे थांबून ते म्हणाले, "भुवया आल्या वाटते तुझ्या परत."

विनताने मला त्यांच्या मांडीवर ठेवले. चिकटलेल्या बोटांना मी धरवत नव्हते, पण त्यांचा अंगठा मुठीवरून फिरत फिरत त्या खळग्याशी आला आणि तिथे नेमका बसला. "हा रंग कोणी फासला हिले?" त्यांनी विचारले. "नवरी हाय का हे?"

आता माझे सांगणे ऐका, कारण मी ते दोनदा सांगत नाही. ज्या वस्तूच्या भरवशावर जीव धोक्यात घालायचा, तिला मखरात बसवू नका. तिला पुसा, तपासा, कामाला लावा. गॅसच्या पेटीपुढे सामान रचू नका, तिची दांडी काढू नका. नळी कोठून जाते ते पाहिल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नका. आणि जाणता माणूस पेटलेल्या गॅसकडे पाहत उभा दिसला, तर त्याला भित्रा म्हणू नका. तो काय धरून उभा आहे ते तुम्हाला दिसत नसते.

श्रीकांत पाया पडायला वाकले. नथ्थूजींनी पाय मागे घेतले.

"पाय काहून धरतो? चोवीस वर्षं झाली, आता तरी हात दे. मले उठव."

श्रीकांतांनी दोन्ही हात पुढे केले. त्या जळलेल्या हातांनी ते धरले आणि नथ्थूजी उठून उभे राहिले. उठताना त्यांनी मला काखेत धरले होते. श्रीकांतांनी मला मागितले नाही. नथ्थूजींनीच मला विनताकडे दिले आणि म्हणाले, "तोंड साफ ठेवजो हिचं."

मग श्रीकांतांचा हात धरून ते घराकडे चालू लागले. जिन्याशी आल्यावर म्हणाले, "चाल बा, वर चाल. चहा पिऊन जा. चुलीवर करू, गॅस तर बंद हाय."

तो चहा चोवीस वर्षे राहून गेला होता. त्या दिवशी झाला. श्रीकांतांचे आणि माझे, आम्हा दोघांचे देणे फिटले.