घुबडांचं कुरण

सोल्नोक शहरातल्या कचेरीतून वडिलांच्या मृत्यूचा दाखला घेऊन वील्मा दुपारच्या बसने गावी परतली. घराला वळसा घालून मागच्या अंगणात आली आणि जागीच थांबली. सकाळी कमरेइतकं उभं असलेलं कुरण कापून झालं होतं. वाळलेलं गवत रचलेली गाडी फाटकाशी उभी होती. शेजारचे काल्मानकाका आणि त्यांचे दोन जावई लांब दांड्यांचे विळे पुसत होते. एतेल्काकाकू पायरीवर बसून टोपलीतून गरम पोगाचा, छोटे खारे पाव, वाटत होत्या.

"बस आज वेळेवर आली होय? आणखी तासभर उशीर झाला असता तर सगळं साफ दिसलं असतं," काका म्हणाले.

"हे काय केलंत, काका?"

"इरजीक! मेल्या माणसाचं राहिलेलं काम शेजाऱ्यांनी उरकायचं, रीतच आहे आपली. आता वर गेल्यावर तरी देनेशला कुणी गंजका विळा म्हणायला नको."

गावाने वडिलांना हेच नाव ठेवलं होतं. तिसा नदीच्या बंधाऱ्यावर चाळीस वर्षं पहारा केलेला माणूस, पण स्वतःच्या कुरणाला विळा लावायचा तो एका कडेच्या चिंचोळ्या पट्ट्यापुरता. बाकीचं गवत हिवाळाभर तसंच उभं. कुणी टोमणा मारला की तेही हसत म्हणायचे, "आळस हो, दुसरं काय!"

खरं कारण वील्माला ठाऊक होतं. बडीशेपेच्या कुळातलं कोचोर्द नावाचं रानरोप त्या खारवट कुरणात माजायचं, आणि त्याच्यावर एक दुर्मीळ, विटकरी रंगाचा पतंग जगायचा. पुस्तकातलं त्याचं नाव खारपडीचं मोठं घुबड. सप्टेंबर-ऑक्टोबरात मादी कोचोर्दजवळच्या सुक्या गवताच्या पात्याआड अंडी घालते. वसंतात अळी निघते, कोचोर्दचा दांडा पोखरत मुळात उतरते आणि उन्हाळाभर आत दडून राहते. एकदा बाहेरचा कुणी पतंग जमवणारा दिवा घेऊन आला आणि एका रात्रीत डबा भरून माद्या घेऊन गेला. तेव्हापासून वडिलांनी तोंड मिटलं ते कायमचं.

पोगाचा घ्यावा, आभार मानावेत, गाडी जाऊ द्यावी. एवढं सोपं होतं. पण माद्यांची अंडी घालून झाली होती; गाडी गेली की पुढच्या वर्षीचे सगळे पतंग काकांच्या गाईंच्या पोटात जाणार होते.

"काका, गवत नेऊ नका."

"ठेवून काय करणार? गाय आहे का तुझ्याकडे?"

"परत पसरायचंय."

धाकटा जावई फिस्सकन हसला. "न्हाव्याने केस कापून पुन्हा चिकटवायचे, तसं?"

"त्यात घुबडाची अंडी आहेत."

"गवतात घुबड?" काकूंनी तिच्या कपाळाला हात लावला. "पोरी, सकाळपासून काही खाल्लंस का?"

मग तिने सांगितलं. पतंग, अंडी, मुळातली अळी, तो दिवेवाला. जावयाचं हसू विरलं. काका विळ्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले.

"किती वर्षं चाललं होतं हे?"

"मला कळायला लागल्यापासून."

"दर रविवारी पत्ते खेळायचो आम्ही. इथे, ह्याच पायरीवर. मी त्याला आळशी म्हणायचो आणि तो हसायचा."

"बाबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, काका."

"तुला सांगितलं की." काकांचा आवाज खाली आला. "मी काय दिवा घेऊन आलो असतो?"



काकांनी जावयांना खूण केली. गाडीतलं सगळं गवत त्यांनी फाटकाशीच ओतलं आणि रिकामी गाडी घेऊन निघाले. काकूंनी टोपली पायरीवर ठेवली, तिच्या दंडावर हात ठेवला आणि त्यांच्यामागे गेल्या.

वील्माने कोट काढला, दाताळं घेतलं. कुठलं गवत कुठून कापलं होतं ते आता कुणीच सांगू शकलं नसतं. कोचोर्दचे जाड खुंट मात्र ओळखू येत होते. ती एकेका खुंटाभोवती ओंजळभर गवत अंथरू लागली. असे बरेच खुंट झाले. मग एक काडी तिच्या बोटांत मोडली आणि पात्याची गुंडाळी उलगडली. आत अंड्यांची रांग होती. मोहरीहून बारीक, चपटी, एकाला एक चिकटलेली. वडिलांनी तिला ती कधी दाखवली नव्हती. उघडलं की थंडीने मरतात, म्हणायचे.

तिने अंगठ्याने पातं मिटवून पाहिलं. ते मिटेना.

"बाबा, हे आता..." ती मोठ्याने म्हणाली आणि मागे वळली.

पायरीवर फक्त टोपली होती. कुंपणापलीकडे काकांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. वील्माने ती काडी खुंटाशी टेकवली, वर आणखी दोन ओंजळी गवत घातलं आणि पुढच्या खुंटाकडे सरकली.