हवाई अंतर

ताईच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र चार ओळींचं. गुडघे बरे आहेत, लेक काळजी घेतो, पत्रंही तोच पोस्टात टाकतो. आणि शेवटी: 'तुझ्याकडून इथे यायला विमानाला किती वेळ लागतो रे? अंतर देऊ नकोस, वेळ कळव.'

मला हसू आलं. विचारलं त्यापेक्षा मी जास्त सांगतो, ही ताईची लहानपणापासूनची तक्रार. म्हणजे किलोमीटर नकोत, तास तेवढे हवेत. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली. हातून चुकीचा आकडा जायला नको म्हणून शोधत बसलो. नकाशावरची सरळ रेघ वेगळी, विमानाची वाट वेगळी. जाताना वारा समोरून, म्हणून वेळ जास्त. परतताना पाठीशी, म्हणून कमी. मधल्या विमानतळावरचा थांबा धरायचा की नाही? कच्ची उत्तरं लिहिली आणि फाडली. शेवटी म्हटलं, फोनवरच सांगू.

भाच्यानं उचलला. "आई झोपलीये, मामा."

घड्याळाचं गणित माझंच चुकलं असेल, म्हणून मी माफी मागितली. पुढच्या खेपेला वेळ जुळवून फोन केला. झोपलीये. त्यानंतरही तेच.

"अरे, पण तिथे आता दुपार ना?" मी चाचरत विचारलं.

तो हसला. "मामा, पुस्तकातून बाहेर या जरा. मध्यरात्र झालीये इथे."

त्याच्या मागे मुलांचा गलका चालला होता. घरामागच्या शाळेची मधली सुट्टी. या गोंगाटाबद्दल ताई कितीदा कुरकुरली होती.

"आणि एवढ्या लांब यायच्या भानगडीत पडू नका," तो म्हणाला.

येण्याचं मी बोललोच नव्हतो.

बायको भाजी चिरत होती. "काय म्हणतात ताई?"

"झोपलीये."

"सदानकदा? आणि त्यांच्या पत्राचं काय केलंत?"

"आकडा नक्की होत नव्हता."

तिनं सुरी खाली ठेवली. "धन्य आहे तुमची! सख्ख्या बहिणीला असं अंतर देतं का कुणी?"

मी उठून पत्र काढलं. अंतर देऊ नकोस. ताईला किलोमीटरशी काही देणंघेणं नव्हतं. पत्र लेकाच्या नजरेखालून जाणार, म्हणून तिनं हाक प्रश्नात दडवली होती. त्याला ती कळली नाही. मलाही नाही.

"तिकीट काढतो," मी म्हणालो.

"एकटे जाणार? रस्ता ओलांडताना माझा हात धरता तुम्ही. दोन काढा."

विमानतळावर तपासणीच्या रांगेअलीकडे एक टपालपेटी होती. मी खिशातून पाकीट काढलं.

"आता कशाला? पत्राआधी आपणच पोचू की," बायको म्हणाली.

"म्हणूनच. आधी टाकलं असतं तर त्यानं फोडलं असतं."

आत एवढंच होतं: 'ताई, चौदा तास. वारा समोरून आहे. अंतर देत नाही.'

बायकोनं माझा हात घट्ट धरला. "अहो, आणि ताई उठल्याच नाहीत तर?"

मी पाकीट पेटीत टाकलं. पेटी रिकामी असावी. ते तळाशी आपटल्याचा आवाज आला.