धुतलेल्या एक्स-रेवरील वक्ररेषा

सुज्ञ वाचकहो, एक वक्ररेषा तिच्या मूळ स्थानावरून हलविताना एका विद्वान गृहस्थाच्या हातून काय घडले, त्याचा वृत्तान्त मी येथे यथामती निवेदन करीत आहे. अवधान असावे.

विद्यानगरचे एकनाथराव बिडकर छत्तीस वर्षे सरकारी महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झाले, त्यास तीन वर्षे लोटली होती. तेव्हापासून हाती खडू नाही, म्हणून त्यांस अन्न गोड लागेना. ज्या शिकवणी वर्गांना ते जन्मभर ‘पोरं भरडायच्या गिरण्या’ म्हणत आले, त्यांतल्याच दिलसुखनगरच्या एका गिरणीचा जिना ते त्या सकाळी चढले. बारावीची तुकडी एक आणि उमेदवार दोन. संचालक अविनाश मागच्या बाकावर बसून दोघांचे शिकविणे पाहणार आणि एकास तुकडी देणार, असे ठरले होते.

दुसरी उमेदवार रुपाली, पतीच्या नोकरीपायी पुण्याहून आलेली. फळ्यावर उदाहरण होते : दोन एक्स अधिक एक, भागिले एक्स अधिक एक. याचा आलेख काढावयाचा. रुपालीने कोपऱ्यात तक्ता मांडला. एक्सला वजा तीन, वजा दोन, शून्य, एक अशा किमती देऊन ती एकेक बिंदू मांडू लागली. वजा एकपाशी छेद शून्य होतो, म्हणून तेथे तिने फुली मारली.

एकनाथरावांच्या ओठाची कड वाकडी झाली. “बाई, हा तक्ता आहे की आगगाडीचं वेळापत्रक?”

“उशिरा पोचते सर, पण पोचते,” रुपाली म्हणाली.

“आलेख डोळ्यांनी बघायचा असतो. चिंचोक्यांसारखा वेचायचा नसतो. सरका!”

त्यांनी पिशवीतून पत्नीच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. तो सोड्याने धुऊन काचेसारखा स्वच्छ केलेला होता. त्यावर काळ्या शाईने ‘एक भागिले एक्स’ची वक्ररेषा काढली होती : एक फांदी उजवीकडे वर, दुसरी डावीकडे खाली, आणि दोन्ही अक्षांना कधीही न शिवणाऱ्या.

“भागाकार करा. उत्तर दोन, बाकी वजा एक. म्हणजे दोन वजा, एक भागिले एक्स अधिक एक. रेषा तीच, फक्त घर बदललं!” चौकटींच्या फळ्यावर त्यांनी ती फिल्म एक घर डावीकडे सरकविली, दोन घरे वर उचलली. “आणि हे वजा चिन्ह? आडव्या अक्षावरून उलटी करा.” फिल्म उलटून अक्षाखाली गेली. “अर्धं मिनिट! बाईंचा तक्ता अजून आंघोळच करतोय.”

वर्ग खदखदून हसला. रुपालीने मान खाली घातली.

पहिल्या बाकावरची श्रावणी उभी राहिली. “सर, झीरो डालके देखो ना.”

“कशाला?”

“मॅडमच्या तक्त्यात शून्याला एक आला. आपकी लाइन वजा तीन पे है.”

एकनाथरावांनी तक्त्याकडे पाहिले, मग फिल्मकडे. आधी उलटवावे, मग उचलावे, हे त्यांनी छत्तीस वर्षे इतरांना बजाविले होते. आज दुसऱ्यास हिणविण्याच्या घाईत त्यांनी आधी उचलले, मग उलटविले, आणि वर नेलेली दोन घरे खाली गेली. त्यांनी फिल्म सरळ करून मूळ जागी आणली, तेथे उलटविली, डावीकडे एक, वर दोन नेली. रेषा मुकाट्याने रुपालीच्या एकेका बिंदूवरून गेली.

अविनाश उठला. “तुकडी रुपाली मॅडमना. सर, पद्धत सुंदर आहे तुमची, पण...”

“पद्धतीला बोल लावू नका. चूक माझी.”

जिन्याशी रुपालीने त्यांना गाठले. “सर, ती फिल्म मला शिकवाल?”

त्यांनी तिला पूर्वीच्याच नजरेने आपादमस्तक न्याहाळले. “तुमचं अक्षर गचाळ आहे. फळा धड पुसता येत नाही तुम्हाला.” मग फिल्म तिच्या हाती दिली. “आधी उलटवा, मग उचला. आणि कोपऱ्यातलं ते वेळापत्रक तेवढं पुसू नका.”

रिकामी पिशवी घडी करून काखेत मारीत ते खाली उतरले.

इतके निवेदन करून मी लेखणी ठेवतो. आपण अमूल्य वेळ देऊन हे वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
दत्तात्रय गणपत लोणकर, मलकपेठ