तलवारीची खुर्ची

शकू माझी धाकटी बहीण. तिचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि तिचं सारखं चांगलंच होत असतं. मला नवरा मास्तर मिळाला, तिला लाकडाचा ठेकेदार. मी चांद्याला भाड्याच्या खोल्यांत, ती सिंदेवाहीला स्वतःच्या घरात. बरं, ती उतली-मातली असती तर मला चार शिव्या तरी देता आल्या असत्या. तेही नाही. भेटली की ‘बाई, बाई’ करत गळ्यात पडते.

आमचे मास्तर, म्हणजे गुणवंतराव, हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतात आणि उरलेल्या वेळात जुन्या खुर्च्या-टेबलं जमवतात. आधी साहेब लोक गेले, मागोमाग मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, आणि ज्या वस्तू आम्ही जन्मात पाहिल्या नव्हत्या त्या बैलबंड्यांत भरून बाजारात आल्या. संगमरवरी फळीची टेबलं, लांब हातांच्या आरामखुर्च्या, दौऱ्यावर घडी करून न्यायचे पलंग. लोक ते सरपणाच्या भावात घेत आणि खरोखरच फोडून चुलीत घालत. मास्तरांचा जीव तिथे तुटायचा. वस्तू दिसली की ते आधी ती उलटी करत, खालच्या बाजूला नाक लावत, सांध्यांवरून बोट फिरवत, वेताची जाळी उजेडात धरून बघत. मग सांगत, “हे लाकूड ब्रह्मदेशचं, आपल्या आलापल्लीचं नाही. एकोणीसशे आठ-दहाच्या सुमाराचं काम.” पुण्याला दोन वर्षं शिकून आल्यापासून ते घरातही तिकडचंच बोलतात.

जुन्या वस्तूंची पारख म्हटलं की चांद्यात त्यांचंच नाव निघायचं. मग सोमाजीभाऊंना तोच नाद लागला. सोमाजीभाऊ म्हणजे शकूचे यजमान. त्यांच्या बंड्या गावोगाव जंगलातून फिरायच्या, त्यामुळे कुठे काय विकायला निघालं हे त्यांना आधी कळायचं. त्यांनी एखादी चांगली वस्तू घेतली की मास्तर दोन दिवस जेवणात मीठ कमी आहे म्हणत राहायचे. मी मीठ तेवढंच घालत होते. साडभाऊंचा हेवा नवऱ्याला आणि बहिणीचा मला, असं आमचं घर चाललं होतं.

अशात गोंडपिपरीकडच्या एका मालगुजाराच्या लिलावात मास्तरांना ती खुर्ची मिळाली. शिसमाची, वेताच्या रुंद बैठकीची, आणि डावा हात नसलेली. उजवा हात सुरेख वळलेला, डावीकडे काहीच नाही, नुसती पॉलिश केलेली गुळगुळीत कड. पाठीवर कोरलेली वेल डाव्या कडेला आली की एक अर्धं फूल काढून थांबायची. मास्तरांनी आठवडाभर खुर्चीभोवती फेऱ्या घातल्या आणि निकाल दिला. ही तलवार लावणाऱ्या अंमलदाराची खुर्ची. तलवार डाव्या कमरेला असते, बसताना ती अडकू नये म्हणून डावा हात ठेवलेलाच नाही. अर्धं फूल ही त्या काळाची शैली.

चांद्यातले लोक बघायला येऊ लागले. वकील आले, डॉक्टर आले, हेडमास्तर दोनदा आले. सोमाजीभाऊ तेवढे जंगलात ठेक्यावर अडकले होते. मास्तर लाकडी पट्टी कमरेला लावून दाखवायचे, तलवार कशी लटकत असेल ते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची छाती फुगलेली मी बघत होते. जिल्हा प्रदर्शनाच्या मंडळींनी ती खुर्ची मांडायला मागितली, आणि कलेक्टर साहेबांपुढे मास्तरांनी तिच्यावर बोलायचं ठरलं.

प्रदर्शनाच्या आधी मी शकूकडे गेले होते. ओसरीवर पाय ठेवला आणि तिथेच थबकले. भिंतीशी तीच खुर्ची होती. तशीच शिसमाची, तशीच वेल, आणि हिलाही डावा हात नाही. फक्त हिची डावी कड पॉलिश केलेली नव्हती. करवतीचे दात स्पष्ट दिसत होते, आणि तिथेही अर्धं फूल.

“ही काऊन अशी?” मी विचारलं.

“अर्धी हाये, बाई,” सोमाजीभाऊ म्हणाले. “दोघा भावायची वाटणी झाली. कोनी सोडाले तयार नाई. मंग करवत लावली न् दोन केल्या. मी धाकट्याकडून घेतली, त्यानंच सांगतलं. मोठ्याची लिलावात गेली म्हनते, कोनाले ते त्याले मालूम नाई.”

मोठ्याची कुठे होती ते मला कळलं. तरी मी म्हटलं, “अर्धी असन त दुसरीले नुसता डावा हात असन.”

“नाई, बाई. ही दोघानं उलट्या तोंडानं बसाची खुर्ची. बंडीत आपन एकामेकाच्या बाजूनं उलट्या तोंडानं बसलो, त दोघायचाही डावाच खांदा लागते ना? तसं. तोंड इकडं-तिकडं, पन मान वळवली का बोलता येते.” मग ते शकूकडे बघून हसले. “मी दुसरी शोधून राह्यलो. भेटली का संध्याकाळी ही इकडून बसन, मी तिकडून.”

शकू लाजली. चांगली दोन लेकरांची आई, आणि लाजली. मास्तरांनी मला कधी कुठल्या खुर्चीवर बस म्हटलं नव्हतं. दुसरी अर्धी कुठे आहे हे एका शब्दात सांगता आलं असतं. मी तो शब्द चहाबरोबर गिळला आणि घरी आले. मुळीच वाईट वाटलं नाही. सगळं हिलाच का मिळावं?

घरी मी मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, ही खुर्ची अर्धी तर नसेल? ते इतके लाल झाले की मी सिंदेवाहीच्या खुर्चीचं नाव काढलं नाही.

प्रदर्शनात खुर्ची मधोमध मांडली होती आणि पाटीवर मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘तलवारीची खुर्ची’. मास्तर छान बोलले. कलेक्टर साहेबांनी स्वतः वाकून डावी बाजू बघितली. एवढ्यात गर्दीतून सोमाजीभाऊ पुढे आले, मागे शकू. त्यांची नजर खुर्चीवर गेली आणि तिथेच खिळली. ते खाली बसले. अर्ध्या फुलावर त्यांनी अंगठा ठेवला. आता हे बोलणार, आणि उद्यापासून चांद्यातली पोरं मास्तरांच्या मागे पट्ट्या लटकवून फिरणार.

“ठेकेदार, तुमाले बी नाद आहे ना,” कुणीतरी म्हणालं. “तुमाले काय वाटते?”

सोमाजीभाऊ उठले. धोतर झटकलं. “मास्तरभाऊनं सांगतलं तेच,” ते म्हणाले. “तलवारीचीच हाये.”

मास्तरांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, साडभाऊ हरले.

मी शकूला बांबूच्या टोपल्यांच्या दुकानाकडे ओढत नेलं. काही विचारायच्या आधी तीच बोलली. “बाई, तू मनाले लावून घेऊ नको. यायनं ओळखली, मीनंही ओळखली. पन येवढ्या मान्सायत भाऊजीची फजिती कायले कराची? घरी गेल्यावर तुलेच तरास होन. आता हे म्हनते, दुसरी अर्धी नव्या लाकडाची करून घेऊ.”

“मले काय तरास?” मी म्हटलं.

“तू काई बोलत नाई, म्हून का मले समजत नाई?” असं म्हणून तिने माझा हात दाबला.

मला एखाद्याने मारलं असतं तर चाललं असतं. ती माझी कीव करत होती. मला न सांगता कधीपासून करत होती कुणास ठाऊक. तळपायाची आग मस्तकाला गेली. घर हिचं मोठं, नवरा हिचा हौशी, आणि आता चांगुलपणातही हिनेच माझ्या पुढे जायचं? ते मी होऊ देणार नव्हते.

प्रदर्शन उठलं आणि खुर्ची घरी आली तशी मी मास्तरांना सगळं सांगून टाकलं. ही अर्धी आहे, दुसरी शकूच्या ओसरीवर आहे, आणि तुमच्या साडभाऊंनी चारचौघांत तुमची अब्रू राखली. मला वाटलं, हे आता खाली बसतील, नाहीतर ओरडतील. मास्तरांनी त्या अर्ध्या फुलावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “त्या अर्धीचा वेत मूळचा आहे?”

“मले नाई मालूम. तुम्हीच पाहा. आपली अर्धी शकूले द्याची आहे.”

“वेडी झालीस? त्यांची इकडे आणू.”

“त मी चांद्यात घरोघर जाऊन सांगीन, तलवार कशी होती ते.”

इतक्या वर्षांत मी त्यांना अशी धमकी दिली नव्हती. ते दोन दिवस मीठ कमी आहे म्हणत राहिले, पण घोंगडीत खुर्ची बांधली त्यांनीच. चांदा फोर्ट स्टेशनवरून सुटणाऱ्या छोट्या गाडीत गार्डाच्या डब्यात ती चढवली, आणि प्रत्येक स्टेशनला उतरून बघून आले. पोरीला सासरी पोचवायला निघाल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. मला त्यांची दया आली, पण मी माघार घेतली नाही.

शकू खुर्ची बघून रडली. मी मनातल्या मनात म्हटलं, आता कोण पुढे?

सोमाजीभाऊंनी दोन्ही अर्ध्या ओसरीवर आणून कडेला कड लावली. करवतीने खाल्लेली आणि वाटणीतल्या मोठ्या भावाने रंध्याने तासलेली एक चीर सोडली तर फूल पूर्ण झालं. खालून लोखंडी पट्टी ठोकून त्यांनी जोड पक्का केला. मास्तर जमिनीवर पालथे पडून खालून बघत होते, धोतराचं भान नव्हतं. मग सोमाजीभाऊ म्हणाले, “बाई, पयला मान तुमच्या दोघायचा. बसा, मास्तरभाऊ.”

मला पाहिजे होतं ते हेच. शकूच्या आधी, शकूच्या देखत, तिच्या ओसरीवर. मी बसले. मास्तर उलट्या तोंडाने बसले. त्यांचा डावा खांदा माझ्या खांद्याला लागला. मान वळवली असती तर तोंड वीतभरही लांब नव्हतं.

ते अंगणाकडे बघत होते, मी भिंतीकडे. शकू आणि सोमाजीभाऊ बाजूला उभे राहून वाट बघत होते. मी काहीतरी बोलायला शोधू लागले. पोरांची फी, रॉकेल, गळकं कौल, जे जे आठवलं ते सगळं आम्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून बोलून झालेलं होतं. मास्तर खाकरले. मला वाटलं, हे बोलतील.

“जपून बस,” ते म्हणाले. “तुझ्याकडचा वेत जुना आहे.”

मी उठले. “शके, तू बस,” म्हटलं.

ती बसली, पलीकडून सोमाजीभाऊ बसले. मान वळवून ती त्यांना हळूच काहीतरी म्हणाली, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघंही हसली. ऐकू आलं ते इतकंच, की धान गिरणीवर केव्हा न्यायचं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. मी खुर्ची दिली होती, पहिला मान घेतला होता, आणि हेवा होता तिथेच होता. आता तर तो कशाचा, हेही सांगता येत नव्हतं.

मास्तर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे त्या फुलावर होते.

“जोड बघ,” ते म्हणाले. “कसा एकजीव झालाय.”

“हो,” मी म्हटलं. “दिसून राह्यलं मले.”